सोडून जाणं कठीण

चाव्या बनवणारा तो माणूस मुळातच संशयी. त्यात बायको इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. एकदा भांडी घासताना ती पुटपुटली, "लीव्हिंग इज हार्ड." तो ताडकन उठला.

"कुठे निघालीस?"

"कुठेही नाही! 'आय ॲम लीव्हिंग' म्हणजे मी निघालेय. इथे लीव्हिंग नाम आहे, नुसतं 'सोडून जाणं'. त्याच्या जागी 'हे' घालून बघा, वाक्य टिकतं."

वाक्य टिकलं, पण शंका फिटली नाही. "मग हेच वाक्य का सुचलं?"

ती पुन्हा भांडी घासू लागली.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसला. शिकवणाऱ्या बाईंनी त्यालाही तसंच एक वाक्य विचारलं.

"डाउटिंग इज ईझी," तो म्हणाला.

बायको खळखळून हसली. तिच्या शेजारी आणखी कोण हसतंय, हे त्याने मान लांब करून पाहिलंच.