थिनरची शेड आणि रायफलीची निवड

कोथरूडमधून रसायनशास्त्राचे एक मास्तर बेपत्ता झाले होते. ती केस आठवली की आजही माझी पाठ आपोआप ताठ होते. मी तेव्हा गुन्हे शाखेत वरिष्ठ निरीक्षक होतो. मास्तर बारावीच्या मुलांचे क्लास घेत. क्लास संपवून घरी निघाले आणि पोहोचलेच नाहीत. त्यांच्या पत्नी तक्रार द्यायला आल्या, तेव्हा ठाणे अंमलदाराने ठरलेला प्रश्न विचारला, ‘‘घरात काही भांडण वगैरे?’’

‘‘भांडायला माणूस घरात असावा लागतो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हे दिवसभर क्लासमध्येच असतात.’’

सोसायटीजवळच्या कॅमेऱ्यात मास्तरांची स्कूटर एका निळ्या टेम्पोत चढवताना दिसली. नंबरप्लेटवर चिखल फासलेला. तपास तिथेच अडला.

मग खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातून शेतकरी बाईंचा फोन आला. ‘‘साहेब, माझी शेड भाड्यानं दिलीय. आतनं थिनरचा वास लय येतोय, डोकं धरतंय. निळा टेम्पो पिंपं टाकून जातोय. दार उघडा म्हणलं तर अंगावर येत्यात.’’

निळा टेम्पो हे शब्द ऐकले आणि मी खुर्चीतून उठलोच.

त्याच रस्त्यावर सापळा लावून आम्ही टेम्पोचालकाला उचलले. तो काही बोलेना. दमदाटी केली, चहा पाजला, उपयोग शून्य. सकाळी आमच्या हवालदाराने रोजच्याप्रमाणे देवाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायला काडी ओढली. चालक खुर्चीसकट मागे सरकला. ‘‘काडी नको, साहेब.’’ त्याच्या कपड्यांना थिनरचा उग्र वास येत होता. माणूस तोंड बंद ठेवू शकतो, पण अंगात भिनलेली भीती लपत नाही. मी हवालदाराला बाहेर पाठवले आणि विचारले, ‘‘तुला एवढी भीती, मग आत कोंडलेल्या माणसाचं काय होत असेल?’’

तो रडायलाच लागला आणि सगळे सांगून मोकळा झाला. आत तिघे होते, तिघांकडे गावठी कट्टे. मास्तरांना कोंडून त्यांच्याकडून नशेची पावडर बनवून घेत होते. पिंपांची झाकणे उघडी आणि खिडक्या आतून बंद.

आता खरी कसोटी होती. शीघ्र कृती दलाची प्रमुख एक तरुण महिला निरीक्षक होती. शस्त्रांबद्दल बोलताना तिचे डोळे चमकत. तिने शस्त्रागारातून सप्रेसर लावलेल्या दोन प्रकारच्या रायफली टेबलावर मांडल्या. सप्रेसर म्हणजे लोक ज्याला सायलेन्सर म्हणतात तो.

‘‘सर, सप्रेसरमुळे नळीच्या तोंडाची ज्वाळा खूप कमी होते. पण या पहिल्या रायफलीत जळलेला वायू मागे यंत्रणेत शिरतो. सप्रेसर लावला की तो आणखी मागे रेटला जातो आणि थेट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. या दुसरीत पिस्टन आहे. वायू पुढेच दांड्याला ढकलतो आणि तिथूनच बाहेर पडतो. डोळे स्वच्छ राहतात.’’

‘‘म्हणजे पिस्टनवाली घेऊन आत शिरायचं?’’

‘‘नाही सर. पुढून निघणारा तो वायूही गरमच असतो. ज्वाळा कमी झाली म्हणजे संपली असं नाही. त्या वाफांत कोणतीच रायफल सुरक्षित नाही.’’

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी तिला दुजोरा दिला. शेडच्या आत गोळी झाडायची नाही, हा हुकूम मी तिथल्या तिथे दिला. पिस्टनच्या रायफली बाहेर, वारा येतो त्या बाजूला, बांधाआड ठेवायच्या. आणि त्या तिघांना आतून बाहेर काढायचे. कसे, ते चालकाने काडीला घाबरून आम्हाला शिकवलेच होते.

दिवस चांगला वर आल्यावर आम्ही जागा धरल्या. इतके जिवंत मला क्वचितच वाटले असेल. खूण केल्यावर शेतकरी बाई बांधावरून ओरडत सुटल्या, ‘‘गवत पेटलंय, पळा, शेडकडं आग येतीय!’’ प्रत्यक्षात गवताची काडीही पेटली नव्हती.

दार धाडकन उघडले. दोघे पळत थेट आमच्या जवानांच्या हातात आले. तिसऱ्याने मास्तरांची मान पकडून त्यांना उंबऱ्यावर आणले. आम्ही दिसताच त्याने कट्टा त्यांच्या कानशिलाला लावला. मागे उघडी पिंपे होती.

महिला निरीक्षकाचा नेम पक्का होता. ती हळूच म्हणाली, ‘‘सर, दिसतोय.’’

‘‘नको. त्याच्या हातून कट्ट्याचा बार उडाला तरी सगळं पेटेल. थांब.’’

तेवढ्यात मास्तरच बोलले, फळ्यासमोर बोलावे तसे. ‘‘अरे, तुझ्या अंगावरचे कपडे थिनरने भिजलेत. माझ्यावर गोळी झाडलीस तर आधी तू पेटशील. कितीदा सांगितलं तुला, वाफ दिसत नाही म्हणून ती नसते असं नाही.’’

त्या माणसाने आपल्या ओल्या बाहीकडे पाहिले. मग कट्टा अलगद, अंडे ठेवावे तसा, जमिनीवर ठेवला आणि हात वर केले.

जवानांनी मास्तरांना उचलून वाऱ्यात नेले. खोकत खोकत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मुलांची प्रॅक्टिकल झाली का हो?’’

परतताना महिला निरीक्षक जीपमध्ये रायफल पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, ‘‘एवढी निवड केली सर, आणि गोळी एकही नाही.’’

पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी हीच केस सांगत आलो. चांगली रायफल निवडणे हे अर्धे काम. ती कुठे चालवायची नाही हे निघण्यापूर्वी ठरवले, म्हणून त्या दुपारी मास्तरांच्या पत्नीला भांडायला माणूस घरात मिळाला.