बचावपटू ब्रूनोसाहेब

आमच्या फुटबॉल संघाने गोल केला की सगळं स्टेडियम उभं राहायचं आणि कोच ब्रूनोसाहेब मात्र गोलकडे चक्क पाठ फिरवायचे. आमच्याच बचावपटूंवर ओरडायचे, "नाचताय काय, जागेवर जा!" मी पुण्याहून सिंगापूरला आलेली, संघाची फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, काय खडूस माणूस आहे हा!

तरुणपणी ते इटलीत बचावपटू होते. गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन खेळत राहिले आणि ऐन तिशीत खेळ कायमचा सुटला. मग कोचिंग करत देशोदेशी फिरले आणि नवं शतक लागल्यावर सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या छोट्याशा क्लबात येऊन पोचले. हॉकर सेंटरवर, म्हणजे तिथल्या स्वस्त खाऊगल्लीत, नूडल्सना नावं ठेवत ताटली चाटूनपुसून साफ करायचे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पोरांना सांगायचे, "जमिनीवर लोळलेला बचावपटू म्हणजे उशिरा पोचलेला माणूस. आधी विचार कर, कपडे मळणार नाहीत." मला त्यांचा लळाच लागला होता.

एका मोसमाचा शेवटचा सामना आला. मालकांनी स्पष्ट बजावलं होतं, हरलात तर करार संपला. करार गेला की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहण्या-कामाचा परवानाही जाणार, आणि साठीच्या कोचला नवी नोकरी कोण देणार? नेमका आमचा कॅप्टन हाफीझ गुडघा सुजवून बसला. एक इंजेक्शन दिलं की खेळेल, असा मालकांचा धोशा. हाफीझ तर हातापाया पडत होता.

साहेबांनी मला एवढंच विचारलं, "साठाव्या वर्षी याला नातवंडांशेजारी जमिनीवर बसता येईल?"

खात्री देता येत नाही, असं मी सांगितलं.

"मग तो खेळणार नाही."

हाफीझ भडकला. स्वतःचं करिअर बुडालं म्हणून माझं बुडवताय, असं तोंडावर म्हणाला. साहेबांनी यादीतून त्याचं नाव खोडलं. सामना आम्ही हरलो, आणि दोन्ही गोल हाफीझच्याच रिकाम्या जागेतून झाले.

महिन्याभराने विमानतळावर सगळी पोरं आली, हाफीझ सोडून. माझं डोकंच फिरलं. ज्याच्यापायी नोकरी घालवलीत, त्याला साधा निरोप द्यायलाही यायला नको का, मी म्हटलं.

साहेबांनी बॅग खांद्यावर घेतली.

"गेल्या आठवड्यात दिसला होता. मला बघून तोंड फिरवलं आणि तरातरा जिना चढून गेला. मी शेवटच्या पायरीपर्यंत बघत होतो. अजिबात लंगडला नाही."