वालाच्या शेतातली चौदा मजली

मी लोकांच्या मोबाईलमध्ये बिल्डिंगी उभ्या करते. गावाकडे कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, कारण एकदा मोठ्या काकींना "क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी, मोबाईल मार्केटिंग" असं सगळं सांगून बघितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे सरकारी नाय ना?"

आमचं ऑफिस उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या, सहा माणसं, एक एसी, तोही सेठच्या केबिनमध्ये. साडीवाल्यांच्या ऑफर लोकांच्या मोबाईलवर पाठव, फर्निचरवाल्याचा सोफा घरबसल्या आपल्या हॉलमध्ये ठेवून दाखव, अशी कामं. पण खरी कमाई बिल्डर लोकांची. रस्त्यावरच्या बोर्डावर एक चौकोनी कोड असतो. तो स्कॅन केला की लिंक उघडते. मग मोबाईल मोकळ्या जमिनीकडे धरायचा. जिथे अजून साधा खड्डा खणलेला नाही तिथे स्क्रीनवर आख्खी बिल्डिंग उभी राहते, बाल्कनीतल्या कुंड्यांसकट. आपण चालत गेलो की ती मोठी होत जाते, वळसा घातला की मागची बाजूही दिसते. ती जमिनीवर नेमकी कुठे उभी राहणार हे मी ऑफिसात बसून नकाशावर एक पिन लावून ठरवते. त्या एका पिनेने माझी जी वाट लावली तेच सांगायचंय.

आम्ही राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये, फ्लॅटमध्ये. पण मूळ घर सोनिवलीला. तिथे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे काका, काकी आणि माझा चुलतभाऊ राहतात. शेत दोघा भावांच्या नावावर, वाटणी झालेली नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी विकलं, बंगले बांधले, गाड्या घेतल्या. मोठे काका मात्र अजून पावसाळ्यात भात लावतात आणि थंडीत वाल. चुलतभाऊ टेम्पो चालवतो, त्याला विकायचंय. वडील ना इकडचे ना तिकडचे. ते म्हणतात, दादा आहे तोवर दादा म्हणेल ते. त्यामुळे आमच्या घरात "बिल्डर" हा शब्द सांभाळूनच काढावा लागतो.

आणि मला नेमकं त्याच भागातल्या बिल्डरचं काम आलं. चौदा मजल्यांची बिल्डिंग, आमच्या शेतापासून किलोमीटरभर पुढे. आता हे असलं काम तपासायला मोकळी जागा लागते. कॅम्प एकमध्ये मोकळी जागा म्हणजे सेठची पार्किंग, तीही सकाळी सातपर्यंत. म्हणून एका रविवारी मी पिन आमच्याच शेतात लावली आणि मोबाईल डोळ्यासमोर धरून बांधाबांधाने फिरले. भाताची कापणी झालेली, वाल नुकते वर आलेले, आणि त्यांच्यावर माझी चौदा मजली ऐटीत उभी. खरं सांगते, छाती फुगली होती माझी. मोठे काका लांबून बघत होते. ओरडून म्हणाले, "रेंज नाय का गावत?"

मी म्हटलं, "नाही ना काका!"

दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्यांच्याच शेतात बिल्डिंग, त्यांच्याच पुतणीने उभी केलेली, हे त्यांना दाखवायची माझी हिंमत झाली नाही. पहिलं खोटं ते. दिसायला किती साधं.

आमच्या सेठची एक पद्धत आहे. कुठलीही लिंक लोकांसाठी चालू करायची तर मुहूर्तावर. माझ्या लॅपटॉपला हळद-कुंकू लागतं, अगरबत्ती फिरते, पेढा फुटतो, आणि घड्याळात ठरलेल्या मिनिटाला मी बटण दाबायचं. त्या शुक्रवारी बिल्डर फोनवर सेठशी भांडत बसला आणि माझी शेवटची तपासणी राहिली. सेठ केबिनमधून पळत आला, "बेटा, मुहूरत जा रहा है, दबा, दबा!" मी दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासणीसाठी आमच्याकडे वेगळी लिंक नसते, खर्च वाचवायला एकच ठेवलेली असते. आणि पिन आमच्या शेतातच राहिली होती. मी पेढा खाऊन घरी आले.

रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वडिलांना मोठ्या काकांचा फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू येत होतं.

"तू सही केलीस? मना न विचारता सही केलीस?"

डोंबिवलीचं एक जोडपं शेताच्या बांधावर आलं होतं. त्यांनी मोठ्या काकांनाच विचारलं, काका, इथेच ना ती बिल्डिंग? आणि मोबाईल पुढे धरला. मोठ्या काकांनी बघितलं. त्यांच्या वालावर चौदा मजले.

वडील बिचारे "दादा, कसली सही? दादा, ऐक तरी" एवढंच म्हणत होते. हातातला घास तसाच वाळत होता. मी उठले, बेडरूममध्ये जाऊन कडी लावली, लॅपटॉप उघडला. पासवर्ड दोनदा चुकला. पिन उचलली आणि किलोमीटरभर पुढे, बिल्डरच्या प्लॉटवर नेऊन ठेवली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर आले तेव्हा वडील चप्पल घालत होते. "चल," म्हणाले, "तुला मोबाईलचं कळतं, तू पण चल."

रिक्षात मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. काका, माझी चूक झाली. काका, ते फक्त चित्र आहे. एवढं तर बोलायचं होतं.

शेतावर मोठे काका, काकी, चुलतभाऊ, सगळे उभे. चुलतभावाने बोर्डावरचा कोड स्कॅन करून आणला होता. त्याने मोबाईल शेताकडे धरला. वाल, बांध, आंब्याचं झाड. बाकी काही नाही. मोठ्या काकांनी मोबाईल हिसकावून घेतला, स्वतः धरला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला. मग लांब, पार त्या टोकाला, काडेपेटीएवढी बिल्डिंग दिसली.

"ती बघ दादा," वडील म्हणाले, "लांब आहे ती. तुला भास झाला असेल."

"भास? माजे डोल्यांनी बगला मी. हितं, वालान हुबी व्हती."

"बाबा, उन्हात बसून बसून असं होतं," चुलतभाऊ हसला.

बोल, बोल ना भवाने, असं मी स्वतःला म्हणत होते. वडिलांवरचा आळ तर टळला होता. आता बोलले तर वडील चिडणार, आणि बिल्डरला कळलं की त्याची गिऱ्हाइकं दोन दिवस भलत्याच शेतात फिरत होती, तर नोकरी जाणार. मी बोलले नाही. मोठ्या काकांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुला तरी दिसली का कदी?" मी मान हलवली. नाही म्हणून.

तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला तो मी आधी एकदाच पाहिला होता. आमच्या आजोबांना शेवटच्या वर्षांत भास व्हायचे. बांधावर माणसं दिसायची, त्यांना पाणी द्या म्हणायचे. एक दिवस त्यांनी मोठ्या काकांनाच विचारलं, तू कुणाचा रे? मोठ्या काकांनी त्यांचं सगळं केलं, अगदी आंघोळीपासून. तेव्हा ते एकदाच म्हणाले होते, मना काय पन होवो, ह्या नको होवो.

सोमवारी काकींचा फोन आला. हे रात्रभर जागे आहेत, मला विचारतात, काल मी काय खाल्ला सांग, मग स्वतःच सांगतात आणि बरोबर का म्हणून विचारतात. मंगळवारी त्यांनी स्कूटरची चावी मुलाला देऊन टाकली, म्हणाले, कुनाला उडवला तर? त्यांना शेतावर एकट्याने जायची भीती वाटायला लागली. जो माणूस अंधारात साप काठीने बाजूला करून पुढे जायचा, त्याला भर दुपारी स्वतःच्या वालाकडे बघवत नव्हतं. मी ऑफिसात बसून हे सगळं ऐकायची.

बुधवारी संध्याकाळी वडील म्हणाले, "दादा शेत विकायच्या कागदावर सही करतो म्हणतोय. डोकं ठिकाणावर आहे तोवर करून टाकतो, नंतर कुणी फसवायला नको. शुक्रवारी एजंट येणारे." आणि हे सांगताना वडील रडले. माझे वडील. मी त्यांना आईच्या आजारपणातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी मी ऑफिसला बरं नाही म्हणून कळवलं आणि थेट सोनिवली गाठली. मोठे काका पडवीत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. पिन, मुहूर्त, बेडरूमची कडी, सगळं. वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "मना बरा वाटावा म्हनून सांगतेस ना पोरी? नको. डाक्टरकडं जानार हाय मी."

अरे देवा! खरं सांगितलं तेही आता औषधासारखं वाटत होतं त्यांना. मी म्हटलं, "काका, बोलवा सगळ्यांना. शेतावर चला."

वडिलांना फोन करून बोलावलं. ते येईपर्यंत बांधावर बसून लॅपटॉप मांडीवर घेतला, मोबाईलचं नेट जोडलं. एकच लिंक होती आणि ती चालू होती. तिकडे बिल्डरच्या साईटवर त्या घडीला कोण कोण मोबाईल धरून उभं होतं देव जाणे. मी पिन उचलली आणि आमच्या वालात आणून ठेवली. पाच मिनिटांत सेठचा फोन. मी उचलला नाही. परत फोन. मग मेसेज, "क्लायंट पूछ रहा है, बिल्डिंग किधर गया???" पण त्या दिवसांत मी इतकी घाबरले होते की ही भीती त्यामानाने किरकोळ वाटली.

वडील आले. मी मोबाईल उचलून धरला. वालावर चौदा मजले उभे राहिले, बाल्कनीतल्या कुंड्यांसकट.

सगळे मोबाईलवर वाकले. मोठे काका मात्र मोबाईलकडे बघतच नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"दिसते?" त्यांनी काकींना विचारलं.

"दिसते ओ," काकी म्हणाल्या.

"तुला?"

चुलतभावाने मान खाली घातली. "दिसते बाबा."

"तुला रं?"

"दिसते दादा," वडील म्हणाले.

मोठे काका तिथेच मातीत बसले. श्वास असे घेत होते, जणू कुणी इतके दिवस नाक दाबून धरलं होतं. मग मला म्हणाले, "त्या रविवारी निला ड्रेस व्हता तुजा. आंब्यापासून बांधापरत तीन फेऱ्या मारल्यास. मी रेंज इचारली."

"हो काका."

"मना समदा आठवते." त्यांनी वालाकडे बोट दाखवलं. "तुला ठावं व्हता. हितंच हुबी व्हतीस तू. मी तुला इचारला, आन् तू मान हलवलीस."

आवाज चढवला नाही त्यांनी. माझ्या हातातला मोबाईल वाजत होता आणि बिल्डिंगीच्या मधोमध सेठचं नाव येत होतं. काकाच म्हणाले, "उचल त्याचा. आन् ही काड हितून."

शुक्रवारी एजंट आला आणि नुसता चहा पिऊन गेला. वडील माझ्याशी पंधरा दिवस धड बोलले नाहीत. नोकरी वाचली, सेठने बिल्डरला सॅटेलाईटचा प्रॉब्लेम सांगितला, आणि त्याने तो मानला. मुहूर्त अजून आहे, पण आता पिन तपासल्याशिवाय मी अगरबत्ती लावू देत नाही.

मोठे काका पुन्हा स्कूटर चालवतात. मी गेले की वालाच्या शेंगा पिशवीत भरून देतात, पूर्वीसारखी चेष्टा करतात. फक्त एक नवीन सवय लागली आहे त्यांना. काहीही दिसलं, रस्त्यावर नवा खांब, आकाशात विमान, बांधावर बगळा, की काकींना विचारत नाहीत, मुलाला विचारत नाहीत. माझ्याकडे वळतात आणि हसत हसत विचारतात, "तुला पन दिसते ना ग?"

सगळे हसतात. मी लगेच, जरा जास्तच लगेच म्हणते, "दिसतं काका." आणि ते तरीही थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहतात.