मेथीची पहिली जुडी

मंडळी, लॉकडाऊनमध्ये मी आयर्लंडमधल्या मेयोच्या या बेटावर एकटी अडकलेय, हे तुम्हाला माहीतच आहे. इथल्या वाऱ्याने माझी कोथिंबीर दोनदा मुळासकट उपटून नेली. मेथी मात्र दगडी भिंतीच्या आडोशाला तगली, जरा फुलावर आली एवढंच.

आई म्हणते, पहिली भाजी शेजारी द्यावी. शेजारी एकच, ऐंशीचे मायकल. वयस्कांना भेटायची बंदी, म्हणून चार दिवसांपूर्वी जुडी त्यांच्या दाराशी ठेवून आले.

आज दुपारी तिकडून जाताना पाहते तर काय, जुडी खिडकीत, जॅमच्या बरणीत पाणी घालून उभी! मला हसूच फुटलं. तेवढ्यात त्यांनी खिडकी जराशी उघडली.

"बायको गेल्यापासून घरात फुलं आली नव्हती," ते म्हणाले. "पाणी रोज बदलतो मी."

अहो, ती भाजी आहे, हे अगदी ओठांवर आलं होतं. "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'छान', एवढंच मी बोलले.

घरी येऊन उरलेली मेथी निवडायला बसले. काय वाटलं कोण जाणे, चार काड्या मीही ग्लासात ठेवल्या.

तुमच्या दाराशी शेवटचं कोण, काय ठेवून गेलं होतं? मला आठवेना.