गज सैल झाला तिथे

तोंडावर सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत, पाठीमागे नुसतं दुर्बीण. नेमबाजीच्या मैदानामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत रायफली दुरुस्त व्हायच्या आणि मागच्या खोलीत चहा. गावात कुणालाही जुनी पॉइंट टू-टू रायफल घ्यायची असली, तर परवाना खिशात असूनही तो आधी या घराची पायरी चढे. काकांनी ‘घ्या’ म्हटलं की घ्यायची, ‘राहू द्या’ म्हटलं की हात जोडून परत द्यायची.

काकांचा स्वभाव मात्र तिखट. कुणी चकचकीत दस्ता दाखवून खूश झालं की ते म्हणत, “पॉलिश काय, म्हातारीलाही नवरी करतं. स्क्रूची डोकी बघा. खाचा कुरतडलेल्या दिसल्या की समजा, घरच्या घरी कुणीतरी डॉक्टर झालाय.” मग आधी नळीमागचा सरकता बोल्ट उघडून आत गोळी नाही ना ते बोटानं चाचपायचं, बोल्टवरचा नंबर रायफलीच्या अंगावरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं, नळीचं तोंड झिजलंय का ते नखानं तपासायचं. शेवटी बोल्ट काढून नळी खिडकीकडे धरायची आणि एक डोळा मिटायचा. समोर शेजाऱ्यांची पांढरी भिंत होती. त्या उजेडात गोळीला फिरकी देणारे आतले आटे गोल गोल वळत गेलेले दिसत. या एका नजरेवर काकांचं सगळं नाव उभं होतं.

आणि तीच नजर वर्षभर दगा देत होती. भिंत पांढरी दिसे, नळी पांढरी दिसे, मधले आटे दुधात बुडाल्यासारखे. काकांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, काकूंनाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकीच्या खुणांवरून अंदाज बांधायचा आणि पूर्वीच्याच ठसक्यात बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण हल्ली ‘घ्या’ म्हणण्याआधी ते नळीचं तोंड दोन-दोनदा नखानं तपासायचे.

घरात एक जुना रिवाज होता. तपासायला आलेली रायफल दाराबाहेर जाण्याआधी काकू गजाला तेलाची चिंधी लावून नळीतून एकदा फिरवायच्या. “दुसऱ्याची वस्तू मळकी परत द्यायची नाही,” असं त्या म्हणत. काकांच्या लेखी ती साफसफाई होती. हां, अधूनमधून काकू कुरकुरायच्या, “अहो, ही जरा खरखरीत लागतेय, परत एकदा बघा.” काका वैतागून परत सगळं तपासायचे आणि नेमका काही ना काही दोष सापडायचा. बायकोच्या कुरकुरीचं श्रेयही काका स्वतःच्याच खिशात घालायचे, हे सांगायला नकोच.

त्या दुपारी बेकरीवाला रायफल घेऊन आला. सोबत घेणारी होती, इस्पितळातली नर्स. मैदानावर ती क्लबची झिजलेली रायफल वापरून सगळ्यांच्या पुढे निघाली होती. निवड स्पर्धा तोंडावर आली होती आणि रात्रपाळ्या करून तिनं एकाच रायफलीपुरतं जमवलं होतं. ही चुकली तर दुसरी नाही.

“मी आता सोडतोय काका,” बेकरीवाला म्हणाला. “इतकी वर्षं झाली, पण माझ्या गोळ्या कधी एका जागी बसल्याच नाहीत. पीठ मळणारा हात, तो काय नेम धरणार!”

काकांनी सगळं तपासलं. स्क्रू कोरे, नंबर जुळते, नळीचं तोंड स्वच्छ. बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरत होता. मग त्यांनी नळी खिडकीकडे धरली. पांढरं. नुसतं पांढरं. नर्स श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“आरशासारखी आहे,” काका म्हणाले. “घे पोरी.”

नर्सच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुललं की काकांना क्षणभर स्वतःच खरं बोलल्यासारखं वाटलं. बेकरीवाला उठायला लागला. तेवढ्यात काकू मागच्या खोलीतून आल्या, रायफल घेतली आणि चिंधी बांधलेला गज आत सरकवू लागल्या. गज एकसारखा, दाटून चालला होता. मध्याच्या थोडा पुढे त्यांचा हात थबकला. मागे घेतला, परत ढकलला, परत थबकला.

“अहो,” काकू सहज आवाजात म्हणाल्या, “तुम्ही मघाशी म्हणालात ना, मधल्या भागात गज सैल होतो का बघ? तुमचंच खरं. इथे हात एकदम सुटतोय. नळी आतून फुगलीय.”

काकांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

बेकरीवाला आ वासून बघत राहिला. फुगलेली नळी म्हणजे कधीतरी एक गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी मारलेली. तिथून पुढे नेम रामभरोसे. “म्हणजे माझा हात वाईट नव्हता?” तो ओरडला. “अहो काकू, इथे न दाखवता परगावी ज्याच्याकडून घेतली त्यानंच फसवलं म्हणायचं मला! मी उगीच स्वतःला शिव्या घालत बसलो!” ओझं उतरल्यासारखा तो हसत सुटला.

सगळं निभावलं होतं. काकूंनी पांघरूण घालून दिलं होतं, काकांनी फक्त मान डोलवायची होती. पण मागच्या सगळ्या कुरकुरी त्यांना एकदम आठवल्या. ही बाई वर्षभर आपल्या मागून हात फिरवत आली आणि एकदाही म्हणाली नाही की तुम्हाला दिसत नाही.

“मी काही म्हणालो नव्हतो,” ते म्हणाले. “मला दिसलंच नाही. मला आता नीट दिसत नाही पोरी. आज हिच्यामुळे तू वाचलीस, आणि मीही.”

नर्स उठली, तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं, अगदी ते रायफल धरत तसंच.

“मोतीबिंदू आहे काका. चांगला पिकलाय. एवढ्यासाठी तोंड शिवून बसलात? सोमवारी मी स्वतः घेऊन जाते.”

“तरी मी म्हणतच होते,” काकू म्हणाल्या. त्या म्हणत नव्हत्या, पण आता त्यांना म्हणायचा हक्क होता.

ऑपरेशन होऊन पट्टी सुटल्यावर पुढच्याच आठवड्यात नर्स दुसरी रायफल घेऊन आली. दस्ता ओरखड्यांनी भरलेला, रंग उडालेला, दिसायला अगदी गरीब. काकांनी नळी खिडकीकडे धरली आणि त्यांच्या तोंडून ‘अरे वा’ निघून गेलं. एकेक आटा कोरल्यासारखा दिसत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नर्स वाट बघत होती.

पण काकांनी ‘घ्या’ म्हटलं नाही. त्यांनी रायफल काकूंच्या पुढ्यात ठेवली. तेव्हा काकूंच्या अंगठ्यावरचा गजाचा घट्टा त्यांना दिसला. इतकी वर्षं तो तिथेच असणार.

“हे काय?” काकू म्हणाल्या. “आता दिसतंय ना तुम्हाला?”

“दिसतंय ना,” काका म्हणाले, “म्हणूनच तुझ्याकडे देतोय.”