हलू नये अशी खोली

गल्लीत त्यांना सगळे बॉडीवाले म्हणत. अंगयष्टीशी या नावाचा काही संबंध नव्हता. ती म्हणाल तर छत्रीच्या काडीसारखी. उभा जन्म त्यांनी एका कारखान्यात बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या होत्या. नुसती चाकं आणि इंजिन असलेला सांगाडा आत यायचा आणि पत्रा, सीटा, दांडे, रॅक असं सगळं अंगावर लेऊन बाहेर पडायचा. तिथला मुकादम कानीकपाळी ओरडायचा, "आज जे हलतंय ते उद्या उतारूच्या डोक्यात पडेल." म्हणून तिथे बोल्ट नुसता आवळून भागत नसे. आवळला की नटाबाहेर आलेलं त्याचं टोक हातोडीने चेपून टाकायचं. मग नट परत फिरायचं नाव घेत नसे.

हीच सवय त्यांनी घरी आणली.

घर म्हणजे पुढे एक खोली, तिच्यातच ओटा, आणि मागे एक छोटी खोली, एवढंच. मागच्या खोलीत झोपायचं, लेकीने अभ्यास करायचा, बायकोने लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या, शिवाय देव, कपडे आणि पाहुणा आलाच तर पाहुणा. बायको म्हणायची, "अहो, एवढ्याशा खोलीत काय काय कोंबाल? भिंतींना पोट सुटेल." बॉडीवाले तेव्हा जमिनीवर खडूने रेघा मारत होते. जेवता जेवता मधेच उष्ट्या हाताने उठायचे आणि डाव्या हाताने टेप लावून यायचे.

"जेवा आधी. खोली काय पळून चाललीय?"

"पळायचं सोड, हलणारसुद्धा नाही बघ."

आणि खरंच त्यांनी खोली बांधली ती बससारखी. खिडकीखाली, भिंतीला लागून पलंग, त्याच्या पोटात कपड्यांचे खण. समोरच्या भिंतीवर साखळीने खाली येणारी फळी, तेच टेबल. मधे एक माणूस सरळ चालेल एवढी वाट. वर चारी बाजूंनी रॅक. वाटेच्या कडेने भिंतीला धरायचा दांडा. तो कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "दांड्याशिवाय मला चुकल्यासारखं वाटतं." दारामागे स्प्रिंगची घडीची सीट, कंडक्टरची असते तशी; बसलं की खाली, उठलं की खाट्कन वर. देवाच्या फळीलाही बोल्ट मारले.

"देवाला तरी मोकळं सोडा हो," बायको हसत म्हणाली.

"तोच पडला तर मग हाक कुणाला मारायची?"

शिकवणीची मुलं खुशीत असत. एकजण दारात उभा राहून तिकिटं फाडायचा, बाकीची पलंगावर ओळीने बसून पाढे म्हणायची. बायको दारामागच्या सीटवर. तिच्या उठण्याबसण्याचा आवाज थेट ओट्यापर्यंत ऐकू येई. "काय मेली ती सीट, माणसाला हाकलून देते," असं ती रोज एकदा तरी पुटपुटायची. मुलं मोठी झाली, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, शिकवण्या बंद झाल्या. खोलीतला एक नट म्हणून सैल झाला नाही.

मग एका सकाळी देवाची फळी पुसताना बायकोच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायला ती वाकली ती सरळ उभी राहिलीच नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात बऱ्याच दिवसांनी एक शब्द तेवढा परत आला.

"घरी."

बॉडीवाल्यांच्या डोळ्यांना धार लागली. "ऐकलंस? घरी म्हणतेय," ते लेकीला म्हणाले.

पण पाणी हवं असलं तरी ती "घरी"च म्हणायची. कूस दुखली तरी "घरी". नर्सला, लेकीला, छताच्या पंख्याला, सगळ्यांना "घरी".

"बाबा, तेवढा एकच शब्द उरलाय तिच्याजवळ," लेक हळूच म्हणाली. "त्याचा अर्थ धरून बसू नका. मी नेते तिला माझ्याकडे. लिफ्ट आहे, बघायला बाई ठेवता येईल. तुम्हीही चला."

"तुझं नाव घेतलं असतं तर तुझ्याकडे पाठवली असती. घरी म्हणतेय ना ती?"

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, घरी खोली कशी आहे?" हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून जन्मभर थांबल्यासारखे ते सांगत सुटले. पाठकोऱ्या कागदावर काढूनही दाखवली. बाईंनी नीट पाहिली.

"छान आहे. पण पलंग असा भिंतीला नको. यांची कूस बदलायला दोन्ही बाजूंनी माणूस लागणार. चाकाची खुर्चीही शेजारी यायला हवी. पलंग जरा मधे ओढून घ्या."

"ओढून?"

"हो. सरकवला की झालं."

बॉडीवाल्यांनी कागदावर पलंगाच्या पायांशी बोल्टचे ठिपके काढले.

"दांडा मात्र चांगला आहे हं. पुढे धरून चालवता येईल त्यांना." बाईंनी कागद फिरवून पाहिला. "दाराकडे जाताना कुठल्या हाताला येतो? उजव्या?"

उजव्याच, तिच्या गेलेल्या हाताला येत होता. परत येताना तो डाव्या हाताने धरता आला असता, पण परत यायला आधी जायला तर हवं.

"खोली झाली की सांगा, मग घरी सोडू," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर मुलीकडे नेलेलं बरं."

घरी येऊन त्यांनी पाना काढला. पलंगाखाली आडवे झाले. नट जागचा हलेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पान्याला पाइप अडकवून जोर केला. तळहाताची सालं निघाली, नट तसाच. समोर कुणी माणूस असता तर हातापाया पडता आलं असतं. इथे आडवा आला होता तो त्यांचाच तरुणपणीचा हात, आणि तो काही केल्या ऐकत नव्हता. शेवटी ते देवापुढे उभे राहिले. मागायचं काय ते सुचेना. तिला बरी कर म्हणावं तर फार मागितल्यासारखं वाटे. नट सोडव म्हणावं तर देवाच्या हातात पाना दिल्यासारखं. नुसते हात जोडले आणि तसेच उभे राहिले.

लेकीने ग्राइंडरवाला पाठवला. त्याने तासाभरातच घाम पुसायला सुरुवात केली.

"कुणी बांधलंय हो हे? घर पडेल, पण पलंग उभा राहील! माणसाने पुढचा काही विचार करावा की नाही?"

"होता एक जुना मिस्तरी," बॉडीवाले म्हणाले.

"वारला?"

"नाही. आहे अजून."

ठिणग्या उडाल्या, खोलीभर जळका वास भरला, पलंग तुकड्यातुकड्यांनी बाहेर गेला. चाकाची खुर्ची वळेना म्हणून टेबलाची फळीही गेली. तो दारामागच्या सीटकडे वळला तेव्हा मात्र बॉडीवाले मधे आले. "ती राहू दे. कुणाच्या वाटेत नाही ती."

चाकांचा उंच पलंग मधोमध आला आणि खोली भरून गेली. दोन माणसांनी उचलून बायकोला निजवलं. बॉडीवाले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिची नजर फिरली. रॅक, दांडा, देव. खिडकी आता पायथ्याशी गेली होती.

"घरी," ती म्हणाली.

"आलीस की. घरीच आहेस तू."

"घरी," ती पुन्हा म्हणाली. सूर दवाखान्यातला तोच, जराही वेगळा नाही.

लेकीने तोंड फिरवलं आणि औषधं आणायला म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडली.

बॉडीवाले दारामागच्या सीटवर टेकले. बसायला आता तेवढीच जागा होती. दुपार उतरत आली, बायकोचा डोळा लागलासा वाटला. त्यांच्या घशाला कोरड पडली होती. ते हलकेच उठले आणि सीट खाट्कन वर गेली.

बायकोचे डोळे टक्क उघडले. मान दाराकडे वळेना तरी ती वळवू पाहत होती. डावा हात चादरीवर काहीतरी चाचपडायला लागला. शिकवणीचं कुणी पोर आलं असं तिला वाटलं, आपला माणूस उठून गेला असं वाटलं, की नुसती दचकली, ते कळायला काही मार्गच नव्हता.

"अगं, इथेच आहे मी," म्हणून ते परत बसले. हात शांत झाला.

जरा वेळाने त्यांनी सीट मागून दोन्ही हातांनी दाबून धरली आणि तसेच वाकून उठायला गेले. पण स्प्रिंग त्यांनीच निवडून आणलेली, चांगली जोरदार. ती हातातून निसटली.

"घरी!"

"नाही उठत. नाही उठत हं," ते म्हणाले आणि बसले.

पाण्याचं भांडं पुढच्या खोलीत, ओट्यावर समोरच दिसत होतं. लेक येईपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसून राहिले.