सुतळीतली गाठ

गंगापूर धरणावर मोटरबोट चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. इंजिन चालू असताना ते बोलत नसत. मागे मी पायांत स्कीच्या लांब फळ्या घालून, दोर धरून पाण्यावरून घसरत असायचो. नव्वद साली घेतलेल्या त्या फळ्या आता मऊ पडल्यात, वळणावर दगा देतात, अशी माझी तक्रार होती.

"थांबा, बघू," ते म्हणाले. त्यांनी एक फळी दोन दगडांवर आडवी टेकवली, मधोमध ठरलेला काळा धोंडा ठेवला आणि ती वाकून जमिनीच्या किती जवळ येते ते सुतळीनं मोजलं. फळी नवी असताना असंच मोजून त्यांनी त्या सुतळीला गाठ मारून ठेवली होती. त्यांनी गाठीकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे.

"फळी अर्धं बोट थकलीय, सायेब. बाकीचं तुमचं."

मला राग आला. त्याच फळ्या घालून मी पाण्यात उतरलो आणि दोन वळणांतच पोटऱ्या भरून आल्या. काठावर आल्यावर मी खाली मान घालून म्हटलं, "पुढच्या वेळी बोट जरा कमी पळवा."

ते दोर गुंडाळत होते.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले, "कमीच पळवतोय."